कपडे धुण्याच्या खोलीत वेगळं सिंक हवंच का? (शिवोली, गोवा; चिऱ्याचं म्हणजे जांभ्याचं घर)

प्रश्न: चिरेबंदी

नमस्कार मंडळी. शिवोलीला घर बांधतोय, तळमजला आणि वर एक माडी. स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुण्याची खोली काढली आहे, आतून २.१ × १.८ मीटर. लांब भिंतीला मागच्या अंगणाकडे खिडकी आहे. मशीन ७ किलोचं फ्रंट लोड. घरात पाच माणसं, त्यात आई ७२ वर्षांची आणि तीन वर्षांचं पोर. पाणी दोन्ही आहे. नळाला अस्नोड्याच्या प्रकल्पाचं येतं, शिवाय बांय (विहीर) आहे. बांयच्या पाण्याने बादलीला तांबूस थर धरतो. गटारलाइन नाही, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करायचा आहे.

गवंडी म्हणतो सिंक पाहिजेच. आर्किटेक्टचं म्हणणं, त्या जागेत उभं कपाट बसवा, सिंक वापरलं जात नाही. दोघांनाही अनुभव आहे, त्यामुळे मला ठरवता येत नाही. प्लास्टर सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत. सिंक घ्यायचं असेल तर माप काय, कशाचं घ्यावं, पाणी कुठे सोडावं?

उत्तर १: पाइप आणि पाणी

सिंक घ्यायचं की नाही हे पंधरा दिवसांत ठरलं नाही तरी चालेल. पॉइंट मात्र आत्ताच काढा. सिंक नंतर दोन तासांत बसतं, पण ड्रेन नंतर काढायचा म्हणजे फरशी फोडा, जोत्यातून भोक पाडा आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा करा. पॉइंट काढून कॅप लावून ठेवला तर खर्च चार फिटिंग आणि थोडा पाइप एवढाच.

मापं घ्या. सिंकचा वरचा काठ फरशीपासून ८५ सेंमी. आईंची उंची कमी असेल तर ८०. सिंकची खोली २५ ते ३० सेंमी धरली की तळ ५५ च्या आसपास येतो, खाली ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारं पाइपचं वळण) बसायला जागा हवी, म्हणून भिंतीतलं ड्रेनचं तोंड फरशीपासून ३५ ते ४० सेंमीवर ठेवा. नळाचं तोंड काठाच्या वर २५ सेंमी, म्हणजे फरशीपासून ११० सेंमी. त्याखाली २० लिटरची बादली सिंकमध्ये उभी राहते. नळाला रबरी पाइप लावून तो साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. टाकीचं पाणी गेलं की तेच पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जातं.

भिंतीतून ५० मिमीचा पाइप, फरशीखाली ७५ मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप). उतार १:४०, म्हणजे मीटरला २.५ सेंमी. बाहेरची चेंबर चार मीटरवर असेल तर १० सेंमी उतार लागला, तो जोत्याच्या उंचीत मिळतो का हे आजच मोजून घ्या. ट्रॅप बॉटल टाइपचा घेऊ नका. दिसायला नीटस असतो, पण आतली वाट अरुंद. कपड्यांचा लिंट (सुटलेले बारीक धागे), केस आणि साबणाचा चिकटा मिळून त्यात लगदा धरतो. ४० मिमीचा पी-ट्रॅप घ्या, खाली उघडायचं झाकण असलेला.

मशीनचं पाणी सिंकमध्ये सोडायचं की वेगळं? मी वेगळंच सांगेन. मशीनसाठी ५० मिमीचा उभा पाइप, तळाशी स्वतःचा ट्रॅप, वरचं उघडं तोंड फरशीपासून ७५ ते ८० सेंमीवर. बहुतेक फ्रंट लोड मशीनला ड्रेन होज साधारण ६० ते १०० सेंमी उंचीवर अडकवायला सांगितलेलं असतं. नक्की आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत बघा. होज फरशीवरच्या जाळीत टाकला की सायफन होतो. एकीकडे पाणी भरतंय, दुसरीकडे वाहून जातंय, मशीन तासभर भरतच राहतं. होज उभ्या पाइपात १५ सेंमीपेक्षा जास्त खुपसू नका आणि भोवती टेप गुंडाळून तोंड बंद करू नका. हवा मिळाली नाही की पुन्हा तोच सायफन.

सिंकमध्ये सोडण्यातला धोका हिशेबाने बघा. पंप मिनिटाला १५ ते २० लिटर फेकतो. जाळीवर एक मोजा येऊन बसला तरी निचरा जवळजवळ थांबतो. ६० × ४५ × २५ सेंमीच्या सिंकमध्ये काठोकाठ ६५ लिटरच्या आसपास मावतं. फ्रंट लोड एका वेळी १५-२० लिटर सोडतं, त्यामुळे निभावतं. पण आधीच निम्मं सिंक भिजवणीच्या कपड्यांनी भरलेलं असेल आणि खळबळण्याचं पाणी दोनदा पाठोपाठ आलं तर पाणी काठावरून जमिनीवर. टॉप लोडला तर हे करूच नका.

आता पाणी कुठे सोडायचं ते, कारण तुमच्याकडे बांय आहे. कपड्यांचं पाणी सेप्टिक टँकमध्ये नेऊ नका. एकदम लोंढा आला की तळाचा गाळ ढवळतो आणि शोषखड्ड्यात जाऊन त्याच्या भिंती बुजवतो. वेगळी लाइन, गल्ली ट्रॅप (घराबाहेर जमिनीत बसवायचा ट्रॅप), पुढे एक लहान चेंबर ज्यात लिंट अडेल अशी काढता येणारी जाळी, आणि मग वेगळा शोषखड्डा. बांयपासून कमीत कमी १८ मीटर आणि बांयपेक्षा खालच्या उताराला. चिऱ्याची जमीन सच्छिद्र असते, तिच्यातल्या पोकळ्यांतून पाणी भराभर पुढे सरकतं, म्हणून १८ मीटरमध्ये काटकसर नको. शिवोलीत नदी किंवा खाजनाच्या (खाडीलगतच्या सखल जमिनीच्या) अंगाला जागा असेल तर जुलैत खड्डा खणल्यावर पाणी किती फुटांवर लागतं ते शेजाऱ्यांना विचारा. पावसाळ्यात खड्डा जमिनीतल्या पाण्याने भरला की सांडपाणी मागे येतं आणि घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे नहाणी ट्रॅपमधून (फरशीवरच्या जाळीखालच्या ट्रॅपमधून) वर येतं. तशी जागा असेल तर खड्डा उथळ आणि लांबट करा, खोल नको.

उत्तर २: डाग आणि दोरी

दादा, वरचं सगळं बरोबर आहे, पण सिंक लागतं की नाही हे पाइपावर ठरत नाही. ते हाताच्या कामावर ठरतं. आत्ता राहताय त्या घरात मशीनजवळ भिंतीवर खडूने रेघा मारा. कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी किंवा काढल्यावर बादली घेऊन न्हाणीघरात जावं लागलं की एक रेघ. कॉलर घासणं, भिजत घालणं, नीळ, स्टार्च, पोराची शी लागलेली चड्डी, सगळं धरा. दोन आठवड्यांत आठाच्या वर रेघा गेल्या तर सिंक घ्या. तीन-चारच झाल्या तर आर्किटेक्टचं ऐका आणि कपाट करा.

तुमच्याकडे ती संख्या मोठी निघणार असं मला वाटतं, त्याची कारणं सांगते.

पहिलं बांयचं पाणी. तांबूस थर म्हणजे लोह. असल्या पाण्यात पांढरे कपडे घालून त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं की विरघळलेलं लोह तिथल्या तिथे गंज होऊन कापडाच्या धाग्यात बसतं. शर्ट पांढरा होण्याऐवजी पिवळट डागांचा होतो, आणि मग आणखी ब्लीच घातलं जातं, डाग आणखी गडद. पांढरे कपडे नळाच्याच पाण्यात भिजवायचे, त्यासाठी सिंकवर नळाच्या पाण्याचा वेगळा नळ हवा. बसलेल्या गंजाला लिंबूसत्त्व: एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धा तास, मग खळखळून धुणं. ऑक्झॅलिक ॲसिड जास्त जोरात काम करतं, पण ते विषारी आहे, तीन वर्षांच्या पोराच्या घरात आणूच नका. आणि लिंबूसत्त्व असो की कुठलंही ॲसिड, ब्लीचशी त्याची गाठ पडू देऊ नका. विषारी वायू सुटतो आणि खोली लहान आहे.

दुसरं काजू. मार्च ते मे बोंडूचा रस अंगावर सांडणारच. ओला असताना दिसतही नाही, वाळल्यावर तपकिरी कडा धरतो, मधलं कापड फिकं आणि कडेला गडद रेघ. तो टॅनिनचा डाग. त्यावर साबणाची वडी घासली की पक्का होतो, म्हणून आधी नुसतं गार पाणी, वाहत्या नळाखाली, डागाच्या मागच्या बाजूने. मग ऑक्सिजन ब्लीचची पूड, पाच लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, हाताला सोसेल इतकं गरम, दोन तास. रेशीम आणि लोकरीला नाही. रंगीत कपड्याला आतल्या शिवणीवर आधी करून बघा. हे काम मशीन करत नाही, वाहतं पाणी आणि दोन हात लागतात.

तिसरं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सिंक नसलं की भिजवण बादलीत होते आणि बादली जमिनीवर राहते. तीन वर्षांचं मूल बादलीत डोकावून तोल गेला तर स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, थोडं पाणीही पुरेसं असतं. ८५ सेंमी उंचीच्या सिंकमधल्या भिजवणीत ते असं सहज डोकावू शकत नाही. फक्त सिंकपुढे स्टूल ठेवू नका.

तरी एक उलटी बाजू. चवथीच्या आधी पडदे, सतरंज्या, गाद्यांची कव्हरं निघतात, ती कुठल्याही सिंकमध्ये मावत नाहीत. त्याला मोरी लागते. मागच्या अंगणात वळचणीखाली ९० × ९० ची मोरी करा, १० सेंमीचा काठ, खाली खडबडीत पृष्ठाचा ग्रॅनाइट, नळ ४५ सेंमी उंचीवर. धुण्याचा दगड असेल तर तिथेच बसवा. बाहेरच्या मोरीवर बारमाही छप्पर आणि आडवा पाऊस अडवणारी एक बाजू असेल, आणि खाली बसून धुणारं माणूस घरात असेल, तर आत सिंक नसलं तरी संसार चालतो. आईंच्या वयात वाकणं आणि उकिडवं बसणं नको, म्हणून तुम्हाला आत सिंक, बाहेर मोरी.

उत्तर ३: पणजी फ्लॅट

फ्लॅटवाले वाचत असतील त्यांच्यासाठी थोडंसं. बाल्कनीत सिंक लावायचा विचार असेल तर आधी बाल्कनीचा निचरा कुठे जातो ते बघा. पुष्कळ इमारतींत तो पावसाच्या पाइपला जोडलेला असतो आणि पाइप खाली उघड्या गटारात सुटतो. साबणाचं पाणी त्यात सोडायचं नाही. सोसायटीची तक्रार तर होईलच, पण मुळात ते पाणी नाल्यातून नदीत जातं. सांडपाण्याच्या उभ्या लाइनला जोडता येत नसेल तर सिंक विसरा, न्हाणीघरातच मशीन ठेवा.

खालच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक. वरच्या चार-पाच मजल्यांच्या मशीनचा फेस उभ्या पाइपात साठतो आणि खालच्या वळणापाशी अडून तुमच्या ट्रॅपमधून वर येतो. सिंक किंवा नहाणी ट्रॅप त्या वळणाच्या अगदी जवळ जोडू नका, थोडं पुढे आडव्या लाइनवर वेगळं कनेक्शन घ्या. पावडर कमी वापरणं हा अर्धा इलाज आहे, पण शेजारी ऐकतील याची खात्री नसते.

प्रश्नकर्ता: चिरेबंदी

सगळ्यांचे आभार. रेघा मारायला आजपासून सुरुवात केली. बायको म्हणते रेघांची गरज नाही, सिंक घ्यायचंच. तर आता: स्टील, सिरॅमिक, की गवंडी म्हणतो तसं कडप्प्याचं तिथेच बांधून घ्यावं? आणि मशीन, सिंक, कपाट तिन्ही मावेल का?

उत्तर ४: पाइप आणि पाणी

मावेल. २.१ मीटरच्या भिंतीला मशीन ६० आणि दोन्ही बाजूंना मिळून ५, सिंक ६०, उरले ८५ सेंमी. त्यात ७५ चं उभं कपाट बसतं. मशीन आणि सिंक शेजारी, कपाट खिडकीपासून लांबच्या टोकाला, नाहीतर पावसाळ्यात त्यातले कपडे दमट राहतील. समोर उभं राहायला ७५ सेंमी मोकळी जागा हवी, तुमची रुंदी १.८ आहे, त्यामुळे मशीनचं दार पूर्ण उघडूनही माणूस वाकू शकतो.

कडप्पा नको. तो चुनखडीचा दगड आहे, लिंबूसत्त्व किंवा संडास साफ करायचं ॲसिड पडलं की त्याचं पृष्ठ खाल्लं जातं आणि खरखरीत होतं. पट्ट्या जोडून केलेल्या सिंकचा कोपरा दोन वर्षांत झिरपायला लागतो हे वेगळंच. ग्रॅनाइटचे जोड इपॉक्सीने भरले तर बरे टिकतात.

स्टील घ्यायचं तर ३०४ ग्रेडचं, पत्रा किमान १ मिमी. लोहचुंबक लावून ग्रेड कळत नाही, हलक्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. समुद्र जवळ असल्यामुळे ३०४ वरही चहासारखे डाग येतात, विशेषतः साबणदाणी ठेवता तिच्याखाली, जिथे ओल सुकत नाही. ब्लीचची बाटली सिंकमध्ये ठेवून देणं बंद, सांडलेलं ब्लीच लगेच धुवायचं. नाहीतर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते निघत नाहीत.

सिरॅमिकला ना ॲसिडचा त्रास ना खाऱ्या हवेचा. जड वस्तू पडली तर टवका जातो एवढंच. तुमच्या पाण्याला आणि जागेला मी सिरॅमिक निवडेन.

वीज: मशीनचं १६ अँपिअरचं सॉकेट सिंकच्या काठापासून आडवं किमान ६० सेंमी लांब, उंची १२० सेंमी, म्हणजे मशीनच्या पलीकडच्या बाजूला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. यात तडजोड नाही.

उत्तर ५: जांभा

चिऱ्याच्या भिंतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सिरॅमिक सिंक ब्रॅकेटवर टांगायचा विचार असेल तर थांबा. हिशेब करा: सिंकचं वजन ३० किलो धरलं, त्यात ६० लिटर पाणी, वर ओली चादर पिळताना माणूस रेलणार. सव्वाशे किलो सहज होतात. चिरा मऊ आणि छिद्रांचा दगड. त्यात साधा प्लग ठोकला की भोक मोठं होतं, बोल्ट आवळताना फिरत राहतो, आणि वरून प्लास्टर असल्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसतं.

प्लास्टरआधी ब्रॅकेटच्या जागेचा चिरा काढून तिथे २० × २० सेंमीचा, भिंतीच्या निम्म्या जाडीचा काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या. दोन ब्रॅकेट, दोन ठोकळे. सात दिवस पाणी मारा, त्यानंतर अँकर. याहून सोपं म्हणजे दोन्ही बाजूंना १० सेंमी जाडीच्या बुटक्या भिंती बांधा आणि सिंक त्यांवर बसवा. खाली ट्रॅप उघडायला हात जाईल एवढी जागा समोरून मोकळी ठेवा, दरवाजा लावलात तर जाळीचा लावा. मी दुसरा मार्ग पसंत करतो, भिंतीवर भारच येत नाही.

उत्तर ६: डाग आणि दोरी

सिंकच्या वर छताखाली एक स्टीलची दांडी लावून घ्या, काठापासून साधारण ११० सेंमी वर. जून ते सप्टेंबर रेनकोट, छत्र्या, निथळणारे कपडे तिथे टांगले की पाणी सिंकमध्येच. खिडकीत १५० मिमीचा एक्झॉस्ट फॅन, दाराखाली दोन बोटं फट, म्हणजे हवा खेळती राहते.

समुद्रावरून आलेले कपडे सरळ सिंकमध्ये घालू नका. आधी बाहेर झटका, मग मोरीत बादलीत हलवून घ्या. बादलीच्या तळाशी बसलेली वाळू झाडाच्या बुंध्याशी ओता, पाण्यासकट. सिंकमध्ये गेली तर ट्रॅपच्या खालच्या वाकात बसते, मशीनमध्ये गेली तर पंपाच्या फिल्टरमध्ये.

आणि गावी किंवा परदेशी जाऊन महिनाभर घर बंद ठेवणार असाल तर निघताना सिंकच्या आणि नहाणी ट्रॅपच्या तोंडात तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे साधं खाण्याचं तेल सोडा. साधं खाण्याचं तेल सोडा. ट्रॅपमधलं पाणी उडून गेलं की घाण वास आणि झुरळं दोन्ही वर येतात, तेलाचा थर ते उडू देत नाही.

उत्तर ७: पाइप आणि पाणी

टाइल लावायच्या आधी चाचणी घ्या, प्लंबर घाई करेल तरी. बाहेरच्या चेंबरमध्ये पाइपचं तोंड प्लगने बंद करा, नहाणी ट्रॅप आणि बाकीची खालची तोंडं कॅपने बंद करा, मशीनच्या उभ्या पाइपातून काठोकाठ पाणी भरा आणि पातळीवर पेन्सिलची खूण करून रात्रभर ठेवा. सकाळी खूण आणि पाणी जुळलं पाहिजे. मग प्लग आणि नहाणी ट्रॅपची कॅप काढा आणि त्याच पाइपात २० लिटरची बादली सावकाश, मिनिटभरात ओता. नहाणी ट्रॅपचं पाणी गुडगुडलं किंवा वर आलं तर उतार कमी आहे किंवा हवेचा पाइप नाही. फरशी उघडी आहे तोवर ते दुरुस्त करून घ्या.